दुहेरीत करिअर म्हणजे नेमके काय: अर्ध्या सेकंदाचा खेळ आणि दोन क्रमांकांची बेरीज

२९ जानेवारी २०२४ रोजी रोहन बोपण्णा टेनिसमधल्या पुरुष दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर गेला, तेव्हा त्याचे वय ४३ होते. एकेरीत त्याची सर्वोत्तम मजल होती २१३व्या क्रमांकापर्यंत. खेळाडू तोच, रॅकेट तीच, पण एका यादीत तो दोनशेच्या आत कधी आला नाही आणि दुसऱ्या यादीत त्याच्या वर कोणीच उरले नाही. दुहेरी म्हणजे एकेरी न जमलेल्यांची सोय, असे ज्यांना वाटते त्यांनी या दोन आकड्यांवर थोडे थांबावे. दुहेरी हा वेगळा पेशा आहे. त्यात लागणारे फटके वेगळे, हिशेब वेगळे आणि पोट भरण्याची पद्धतही वेगळी.

आधी कोर्ट पाहू. लांबी एकेरीइतकीच, २३.७७ मीटर. रुंदी ८.२३ मीटरवरून १०.९७ मीटर होते, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून पावणेतीन मीटरची भर. सर्व्हिस बॉक्स, म्हणजे सर्व्हिस जिथे पडायला हवी तो चौकोन, मात्र तेवढाच राहतो. जाळे मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर आणि खांबांपाशी १.०७ मीटर उंच असते. एकेरीसाठी जाळ्याखाली दोन आधारकाठ्या लावलेल्या असतात, त्या दुहेरीत काढून टाकतात. जाळे मध्ये बुटके असते, त्यामुळे मधून मारलेला चेंडू जास्त सुरक्षित. शिवाय मधून आलेल्या चेंडूवर प्रतिस्पर्ध्याला टोकदार कोन मिळत नाही आणि घ्यायचा कोणी, हा गोंधळ होतो तो वेगळाच. म्हणूनच जाणत्या जोड्या कडेच्या रेषा शोधत बसत नाहीत, सतत मधल्या पट्ट्यात खेळतात.

एकदा रिटर्न झाला की जोडीतल्या कोणीही चेंडू मारावा, टेबल टेनिससारखी आळीपाळीची सक्ती नाही. सर्व्हिस मात्र ज्याची पाळी असेल त्यानेच परतवायची. सर्व्ह करणाऱ्याच्या जोडीदाराला त्याचाच चेंडू लागला तर तो फॉल्ट, म्हणजे चुकलेली सर्व्हिस. तोच चेंडू टप्पा पडण्याआधी रिटर्न करणाऱ्याच्या जोडीदाराला लागला, तर गुण सरळ सर्व्ह करणाऱ्या जोडीचा.

एक गुण, जवळून

दुहेरीतले बहुतेक गुण चार फटक्यांच्या आत संपतात. त्यामुळे खरी लढाई सर्व्हिस, रिटर्न आणि त्यानंतरच्या पहिल्या व्हॉलीत, म्हणजे टप्पा पडण्याआधीच मारलेल्या फटक्यात होते. दुहेरीच्या खेळाडूचा सरावही याच तीन फटक्यांभोवती फिरतो. बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, वीस-वीस फटक्यांच्या रॅली खेळण्यात त्याचा फारसा वेळ जात नाही.

सर्व्हिसच्या आधी जाळ्यापाशी उभा असलेला खेळाडू पाठीमागे हात नेऊन बोटांनी खुणा करतो. पहिली खूण सर्व्हिस कुठे टाकायची याची: मध्यरेषेवर, अंगावर की बाहेर. मध्यरेषेवरच्या सर्व्हिसला सगळे ‘टी’ म्हणतात. दुसरी खूण स्वतःची: मी आडवा, म्हणजे जोडीदाराच्या बाजूला जाणार, जागेवर राहणार, की जाण्याचा आव आणून परत येणार. खुणांचे अर्थ प्रत्येक जोडी आपापले ठरवते. खुणांऐवजी दोघे जवळ येऊन बोलतात तेव्हा चेंडू किंवा हात तोंडापुढे धरतात, समोरच्याने ओठांवरून ओळखू नये म्हणून.

आता ‘आय फॉर्मेशन’ घ्या. सर्व्ह करणारा बेसलाइनच्या मध्यखुणेजवळ येतो. जोडीदार सर्व्हिस बॉक्सच्या मध्यरेषेवर, जाळ्यापासून दोनेक मीटरवर, डोके जाळ्याच्या वरच्या पट्टीखाली जाईल इतका वाकून बसतो. चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो. चेंडू गेला की तो ठरलेल्या बाजूला झेपावतो आणि सर्व्ह करणारा उरलेली बाजू धरतो. रिटर्न करणाऱ्याला कोणती बाजू उघडी पडणार हे आधी कळत नाही. दोनशे किलोमीटरच्या वेगाने आलेली सर्व्हिस त्याच्यापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोहोचते आणि तेवढ्यात त्याला निर्णय घ्यायचा असतो.

हा डाव फसतो तो बहुतेक वेळा क्षण चुकल्यामुळे. जाळ्यावरचा खेळाडू लवकर हलला तर समोरच्याला दिसते आणि तो सोडलेल्या बाजूला चेंडू काढतो. उशिरा हलला तर चेंडू हाताबाहेरून जातो. समोरच्याची रॅकेट पुढे यायला सुरुवात झाली आणि त्याची नजर चेंडूवर खिळली, की निघायचे. त्यानंतर त्याला बेत बदलता येत नाही. दुसरे कारण म्हणजे सर्व्हिसची जागा चुकणे. ‘टी’वर पडलेल्या सर्व्हिसवर रिटर्नला कोन मिळत नाही, म्हणून जोडीदार निर्धास्त आडवा जाऊ शकतो. तीच सर्व्हिस बाहेर पडली तर रेषेलगतची वाट मोकळी होते, आणि आडवा निघालेला जोडीदार नेमका तीच सोडून गेलेला असतो. म्हणून दुहेरीत वेगापेक्षा जागा महत्त्वाची. थोडा वेग कमी करून पहिली सर्व्हिस जास्त वेळा आत टाकणारा खेळाडू जोडीच्या जास्त कामाचा, कारण दुसऱ्या सर्व्हिसवर समोरचे दोघेही दोन पावले पुढे सरकतात.

रिटर्न हा माझ्या मते दुहेरीतला सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी वाखाणला जाणारा फटका. चेंडू तिरका, जाळ्याच्या जेमतेम वरून जायला हवा आणि पुढे धावत येणाऱ्या सर्व्ह करणाऱ्याच्या पायांशी बुडायला हवा. वीतभर जास्त उंच गेला की जाळ्यावरचा माणूस तो खाली ठोकतो. याला पर्याय दोन: जाळ्यावरच्या माणसाच्या डोक्यावरून लॉब, किंवा तो फार आडवा जाऊ लागला तर त्याच्याच बाजूला रेषेलगत सरळ फटका. हा सरळ फटका अधूनमधून मारावाच लागतो, गुण गेला तरी. तो मारला नाही तर समोरचा बिनधास्त मधे येत राहतो. केवळ जबरदस्त सर्व्हिस असलेली जोडी आपले गेम राखते, पण समोरच्याचे फोडू शकत नाही. मग प्रत्येक सेट टायब्रेकला, म्हणजे ६-६ नंतरच्या निर्णायक गेमला जातो आणि हंगाम दोन-दोन गुणांच्या नशिबावर चालतो.

रिटर्न करणाऱ्याचा जोडीदार सर्व्हिस लाइनच्या आसपास उभा असतो. नवशिके इथे हमखास चुकतात: मान वळवून आपल्याच जोडीदाराचा रिटर्न पाहत राहतात. पाहायचे असते समोर, जाळ्यावरच्या प्रतिस्पर्ध्याकडे. तो चेंडूकडे झेपावला तर पुढचा चेंडू आपल्या पायांवर येणार, हे त्याच्या खांद्यांवरून कळते. मधल्या चेंडूचा नियम आधीच ठरलेला असावा लागतो, उदाहरणार्थ ज्याचा फोरहँड मधे येतो त्याने घ्यायचा. हे ठरले नसेल तर दोघेही एकमेकांकडे बघत राहतात आणि चेंडू मधून जातो.

जोडीदार निवडताना

प्रत्येक सेटमध्ये रिटर्नची बाजू ठरलेली असते. एक जण उजव्या, म्हणजे ड्यूस बाजूला, दुसरा डाव्या, म्हणजे ॲडव्हान्टेज बाजूला. बहुतेक खेळाडू वर्षानुवर्षे एकाच बाजूला खेळतात, कारण दोन्ही बाजूंना येणाऱ्या चेंडूचे कोन आणि फटके वेगळे. डाव्या बाजूचे दोन नामवंत एकत्र आले तर एकाला सवय मोडावी लागते आणि ती लवकर मोडत नाही. डावखुरा आणि उजव्या हाताचा अशी जोडी लाभदायक असते, त्याचे एक कारण फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. दर विषम गेमनंतर बाजू बदलतात आणि दोघे आळीपाळीने सर्व्ह करतात, त्यामुळे एका सेटमध्ये प्रत्येक खेळाडू आपले सगळे सर्व्हिस गेम एकाच टोकाकडून करतो. ऊन एका बाजूने डोळ्यांत येत असेल तर उजव्या हाताच्याला एक टोक आणि डावखुऱ्याला दुसरे, अशी वाटणी करून दोघांनाही सूर्य टाळता येतो. सर्व्हिसचा क्रम प्रत्येक सेटच्या सुरुवातीला बदलता येतो, म्हणजे चुकले तर सुधारायची संधीही असते.

बॉब आणि माइक ब्रायन या जुळ्या भावांनी मिळून १६ ग्रँड स्लॅम (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा) आणि एकूण ११९ स्पर्धा जिंकल्या. बॉब डावखुरा, माइक उजव्या हाताचा. २०१८मध्ये बॉबच्या कमरेच्या सांध्याला दुखापत झाली, तेव्हा माइकने जॅक सॉकबरोबर विम्बल्डन आणि यूएस ओपन दोन्ही जिंकले. जन्मभराची ओळख असणे ही मोठी गोष्ट आहेच. पण रिटर्न आणि व्हॉली हे ज्याचे त्याचे कौशल्य असते आणि ते नव्या जोडीतही सोबत येते.

गुणांची पद्धत बदलली आणि धंदाही बदलला

२००६पासून पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्यावर दुहेरीत ४०-४० झाल्यावर ॲडव्हान्टेज, म्हणजे सलग दोन गुण जिंकण्याची अट, नाही. एकच निर्णायक गुण खेळतात आणि सर्व्हिस कोणत्या बाजूला घ्यायची हे रिटर्न करणारी जोडी ठरवते. सेट १-१ झाले तर तिसऱ्या सेटऐवजी १० गुणांचा टायब्रेक, दोनच्या फरकाने. सामना बहुधा तास-दीड तासात आटोपतो, त्यामुळे आयोजकांना वेळापत्रक बसवता येते आणि एकेरीचे खेळाडूही दुहेरीत नाव द्यायला तयार होतात.

ग्रँड स्लॅममधल्या पुरुष आणि महिला दुहेरीत मात्र ॲडव्हान्टेज आहे आणि तिसरा सेट पूर्ण खेळतात. ६-६ झाल्यावर १० गुणांचा टायब्रेक. विम्बल्डनमध्ये पुरुष दुहेरी २०२२पर्यंत पाच सेटची होती, २०२३पासून तीनची झाली.

छोट्या पद्धतीत बलाढ्य जोडीचा फायदा घटतो. दहा गुणांच्या टायब्रेकमध्ये दोन खराब रिटर्न आणि एक डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकणे) झाला तरी आठवडा संपतो. म्हणून चांगली जोडीही लागोपाठ तीन स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरू शकते, आणि त्यात तिचे काही बिघडलेले असेलच असे नाही. इथेच पुष्कळ जोड्या घाई करतात. पराभवाचे आकडे बघून जोडी मोडायची की नाही हे ठरवण्यापेक्षा पहिली सर्व्हिस किती वेळा आत गेली आणि समोरच्याच्या दुसऱ्या सर्व्हिसवर किती गुण मिळाले, हे पाहणे जास्त शहाणपणाचे.

दोन क्रमांकांची बेरीज

दुहेरीतल्या करिअरचा सगळ्यात किचकट भाग कोर्टाबाहेर असतो. क्रमवारी प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र असते, जोडीची नाही. मागच्या ५२ आठवड्यांतले गुण धरले जातात. पुरुषांच्या दौऱ्यावर ग्रँड स्लॅम विजेत्याला २०००, उपविजेत्याला १२००, उपांत्य फेरीत हरणाऱ्याला ७२० गुण. त्याखाली १०००, ५०० आणि २५० या वर्गांच्या स्पर्धा. नावातला आकडा म्हणजे विजेत्याचे गुण. त्याच्याही खाली चॅलेंजर स्पर्धा, विजेत्याला ५०पासून वर. बक्षिसाची रक्कम दोघांत विभागली जाते, पण गुण विभागले जात नाहीत. दोघांनाही पूर्ण मिळतात. पहिल्याच फेरीत हरलात तर शून्य.

स्पर्धेत प्रवेश मिळतो तो दोघांच्या क्रमांकांच्या बेरजेवर. एक ५५वा, दुसरा ७०वा, तर बेरीज १२५. जितकी कमी, तितके यादीत वर. २५० वर्गाच्या स्पर्धेत दुहेरीच्या १६ जोड्या असतात आणि त्यातल्या काही जागा वाइल्ड कार्डसाठी, म्हणजे आयोजकांच्या मर्जीतल्या प्रवेशासाठी जातात. शिवाय एकेरीच्या खेळाडूला दुहेरीच्या प्रवेशासाठी आपला एकेरीचा क्रमांक वापरता येतो. एकेरीत ४०वा आणि ६०वा असे दोघे ऐनवेळी एकत्र आले तर त्यांची बेरीज १००. वर्षभर फक्त दुहेरी खेळणारी १२५ची जोडी त्यांच्या खाली जाते. एकेरीच्या बऱ्याच खेळाडूंनी नावे दिली, की दुहेरीवाल्यांची यादी भराभर खाली घसरते.

म्हणून दुहेरीचा खेळाडू नाव देण्याची मुदत संपेपर्यंत फोनवर असतो. आपला नेहमीचा जोडीदार जखमी झाला तर त्या आठवड्यासाठी कोण मोकळा आहे, त्याचा क्रमांक किती, बेरीज पुरेल का, तो कोणत्या बाजूला खेळतो, हे सगळे काही तासांत जमवावे लागते. काही जागा आगाऊ यादीतून भरतात, काही स्पर्धेच्या ठिकाणी जाऊन सही करणाऱ्यांतून. यादीबाहेर राहिलेल्यांना राखीव म्हणून थांबता येते. कोणी ऐनवेळी माघार घेतली तर लगेच कोर्टवर उतरायची तयारी ठेवून. माघार कोणी घेतली नाही तर विमानाचे तिकीट, खोली आणि आठवडा, तिन्ही वाया.

यातून प्रत्येक आठवड्याला एक निर्णय उभा राहतो. २५०च्या स्पर्धेत एक सामना जिंकला तर ४५ गुण, हरलात तर शून्य. त्याच आठवड्यात मोठ्या चॅलेंजरमध्ये विजेतेपदाला १०० किंवा १२५. क्रमवारीच्या साधारण ६० ते १२० या पट्ट्यातल्या खेळाडूने वर खेळायचे की खाली, याचे सरसकट उत्तर नाही. फक्त वरच्या स्पर्धांत पहिल्या फेरीचे पराभव जमवत बसलेला खेळाडू मात्र सहा महिन्यांत वरच्या स्पर्धांत शिरण्याइतकाही उरत नाही. त्यात मागच्या वर्षीचे गुण त्याच आठवड्यात गळून पडतात. एका स्पर्धेचे विजेतेपद वर्षभर माणसाला वर ठेवते आणि बरोब्बर वर्षाने त्याच्या खालून शिडी काढून घेते.

जोडीची म्हणून एकच शर्यत वेगळी मोजतात: वर्षअखेरीच्या अंतिम स्पर्धेसाठीची, जी २०२१पासून तुरिनमध्ये होते. तिथे आठ जोड्या जातात आणि त्यासाठी त्या वर्षात एकत्र मिळवलेले गुणच धरतात. जून महिन्यात जोडी मोडली तर वैयक्तिक क्रमवारीला धक्का लागत नाही, पण या शर्यतीत नव्या जोडीची सुरुवात शून्यापासून. हंगाम संपल्यावर इतक्या जोड्या बदलतात त्यामागे हेही एक कारण आहे.

पैसा

विम्बल्डन २०२५चे आकडे पुरेसे बोलके आहेत. एकेरीच्या विजेत्याला ३० लाख पौंड. पुरुष दुहेरीच्या विजेत्या जोडीला ६ लाख ८० हजार, म्हणजे माणशी ३ लाख ४० हजार. पहिल्या फेरीत हरलेल्या एकेरीच्या खेळाडूला ६६ हजार. दुहेरीत हरलेल्या जोडीला १६,५००, माणशी ८,२५०. आठपट फरक.

यातून स्पर्धेच्या देशातच कापला जाणारा कर, विमानप्रवास, प्रशिक्षक, फिजिओ आणि रॅकेटच्या तारा बांधण्याचा खर्च निघतो. म्हणून अनेक जोड्या एकच प्रशिक्षक ठेवतात आणि खर्च अर्धा-अर्धा वाटून घेतात. मग जोडी तुटली की प्रशिक्षक कोणाकडे, हाही प्रश्न येतो. चॅलेंजर पातळीवर दुहेरीच्या बक्षिसातून प्रवासखर्च सुटणेसुद्धा कठीण असते. चार ग्रँड स्लॅमच्या यादीत नाव लागणे, म्हणजे पहिल्या ६४ जोड्यांत असणे, हीच या पेशातली खरी उंबरठ्याची रेषा. तिच्या आत असलेला खेळाडू टिकतो. बाहेरचा खेळाडू बचतीवर, लीग सामन्यांवर किंवा देशाच्या संघटनेच्या मदतीवर खेळतो.

कोण येते, किती काळ टिकते

लहानपणापासून फक्त दुहेरी खेळत कोणी येत नाही. कोणी अमेरिकी विद्यापीठांच्या संघांतून येतो, जिथे सांघिक लढतीत दुहेरीचा स्वतंत्र गुण असल्याने जाळ्यावर खेळणे शिकावेच लागते. राजीव राम आणि जो सॅलिसबरी हे दोघे त्याच वाटेने आले आणि २०२१ ते २०२३ अशी सलग तीन वर्षे यूएस ओपन जिंकले. कोणाला शरीर एकेरीतून बाहेर काढते. युकी भांबरी २००९चा ऑस्ट्रेलियन ओपन ज्युनिअर विजेता, एकेरीत ८३व्या क्रमांकापर्यंत गेलेला. दुखापतींनंतर तो दुहेरीकडे वळला आणि २०२५च्या यूएस ओपनमध्ये मायकल व्हीनसबरोबर उपांत्य फेरीत पोहोचला. फिनलंडच्या हॅरी हेलिओवाराने तर मधली काही वर्षे टेनिस सोडून विमानतळावर नोकरी केली होती. पुढे हेन्री पॅटनबरोबर त्याने २०२४चे विम्बल्डन आणि २०२५चे ऑस्ट्रेलियन ओपन जिंकले.

वय इथे उशिरा आडवे येते, कारण कोर्टचा अर्धाच भाग सांभाळायचा असतो आणि सर्व्हिसची पाळी दर चौथ्या गेमला येते, एकेरीत ती दर दुसऱ्या गेमला असते. खांद्यावरचा भार त्यामुळे निम्मा होतो. मात्र वाकून बसणे, एकदम झेपावणे आणि अचानक मागे फिरून डोक्यावरचा चेंडू घेणे याने गुडघे, कमरेचे सांधे आणि पाठ झिजते. बोपण्णाने पुरुष दुहेरीची पहिली ग्रँड स्लॅम अंतिम फेरी २०१०मध्ये ऐसाम-उल-हक कुरेशीबरोबर खेळली, दुसरी २०२३मध्ये मॅथ्यू एबडनबरोबर. दोन्ही हरला. तिसरी, २०२४ची ऑस्ट्रेलियन ओपन, एबडनबरोबरच जिंकली. मधली तेरा वर्षे तो दौऱ्यावर टिकून होता, ही मला विजेतेपदाइतकीच मोठी गोष्ट वाटते.

या पेशाची जागा कायमची पक्की कधीच नव्हती. दुहेरीत प्रवेश एकेरीच्या खेळाडूंपुरता आवळण्याचा बेत २००५मध्ये पुरुषांच्या दौऱ्याने मांडला, तेव्हा दुहेरीचे खेळाडू न्यायालयात गेले. पुढे तडजोड झाली आणि दुहेरी टिकली, ती वर सांगितलेल्या आखूड गुणपद्धतीसह. २०२५मध्ये यूएस ओपनने मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात हलवली आणि जोड्या ३२वरून १६वर आणल्या. आठ जोड्या एकेरीच्या क्रमांकांवर घेतल्या, आठ वाइल्ड कार्डवर. विजेत्या जोडीला १० लाख डॉलर, म्हणजे त्या वर्षी तिथल्या पुरुष किंवा महिला दुहेरीच्या विजेत्या जोडीइतकेच. सेट अंतिम सामन्याखेरीज फक्त चार गेमचे. गतविजेते सारा एरानी आणि अँड्रिया वावासोरी वाइल्ड कार्डवर आत आले आणि अंतिम फेरीत इगा श्वियांतेक-कॅस्पर रूड या एकेरीच्या दोन बड्या नावांना हरवून पुन्हा जिंकले. दुहेरीवर जगणाऱ्या बाकीच्या बहुतेक जोड्यांना त्या वर्षी तिथे मिश्र दुहेरीत नावच देता आले नाही. वर्षातली एक ग्रँड स्लॅम कमाई त्यांच्या हिशेबातून गेली.